झोपेतल्या जबड्याचा हिशेब

मूल झोपेत दात खाऊ लागले की त्याला जंत झाले, हे निदान आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. औषध दिले जाते, काही दिवसांनी करकर थांबते आणि समज पक्का होतो. पण वाढत्या वयात ही सवय बहुधा आपोआपच कमी होते. विद्यापीठाबाहेर राहून मी या विषयाचे वाचन सुरू केले, तेव्हा प्रश्न पडला : हे मोजतात कसे?

कानावर विसंबणे कठीण. आमच्या कोपरीत रात्रीची मालगाडी, पंखा आणि कुत्री यांतून दातांचा आवाज वेगळा काढावा लागतो. शिवाय दात नुसते आवळले तर आवाजच होत नाही. दातांची झीज पाहावी, तर ती जुनी असू शकते किंवा आंबट खाण्यापिण्यामुळेही झालेली असू शकते.

म्हणून संशोधक स्नायूकडे वळले. दात आवळल्यावर गालावर जो टणक उंचवटा हाताला लागतो, त्यावर इलेक्ट्रोड चिकटवून स्नायूतील विद्युत हालचाल रात्रभर टिपतात. सोबत मेंदूच्या लहरी, हृदयाचे ठोके, श्वास, ध्वनी आणि चित्रण असते. पाव ते दोन सेकंदांची आकुंचने लागोपाठ तीन किंवा अधिक आली, तर ते लयबद्ध चर्वण. एकच आकुंचन दोन सेकंदांहून लांबले, तर ते आवळणे. माँट्रियलच्या झिल लाविन्य आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये निकष मांडला : झोपेच्या दर तासाला अशी चारांहून अधिक आवर्तने.

या नोंदींतून दोन गोष्टी उलगडल्या. दात न खाणाऱ्या निरोगी माणसांपैकीही सुमारे ६० टक्क्यांचा जबडा झोपेत अधूनमधून लयीत हलतो. दुसरे म्हणजे क्रम. बहुतेक वेळा आधी मेंदू क्षणभर जागृतीकडे सरकतो, हृदयाची गती वाढते आणि मगच जबडा चालू लागतो. दात हे या साखळीचे शेवटचे टोक.

इथेच मोजमापाचे खरे मोल आहे. रात्री दातांवर बसवायची पट्टी झीज वाचवते. साखळीचे मूळ तिथे नसते. ते मानसिक ताण, दारू, तंबाखू, नैराश्यावरील काही औषधे यांत असू शकते, तर कधी अडखळणाऱ्या श्वासात. श्वासाला जोर लागला की जबडाही त्याच तालात हलतो, म्हणून आता हनुवटीवर छोटा संवेदक लावूनही हे टिपता येते.

२०१८ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीने निरोगी माणसाच्या दात खाण्याला रोग न मानता स्नायूंचे वर्तन मानले. तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. मात्र दात खाणारा माणूस घोरत असेल आणि दिवसा पेंगत असेल, तर दंतवैद्याबरोबरच निद्रातज्ज्ञाचेही दार ठोठवावे.