पणजोबांची शंभरी आणि जनगणनेचे आकडे

हा मजकूर दर महिन्या-दोन महिन्यांनी फिरून येतो. सोबत पांढऱ्या मिशांच्या आजोबांचा फोटो, कधी तांब्याचा हंडा, कधी जातं. म्हणणं ठरलेलं: पूर्वीची माणसं भाकरी खायची, विहिरीचं पाणी प्यायची, ना बीपी ना शुगर, आणि शंभरी सहज गाठायची. आता बघा, चाळिशीतच गोळ्यांचा डबा! खाली ‘पटलं तर पुढे पाठवा’. लोक पाठवतात. अधूनमधून एखादे डॉक्टरही पाठवतात, तेव्हा मात्र कपाळाला हात लावावासा वाटतो.

शंभरी सहज गाठणाऱ्या या देशात १९११ ते १९२१ या दशकात सरासरी आयुर्मान होतं सुमारे २० वर्षं. छपाईची चूक नाही, वीसच. जनगणनेच्या आकड्यांवरून लोकसंख्याशास्त्रज्ञ किंग्जली डेव्हिस यांनी काढलेला हा अंदाज आहे. त्या दशकात १९१८ची इन्फ्लुएन्झाची साथ आली आणि तिने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसं नेली. १९२१च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या आधीच्या जनगणनेपेक्षा कमी भरली. ते दशकच वाईट होतं म्हणून सोडून द्यायचं, तर १९५१ घ्या. तेव्हाचं आयुर्मान ३२च्या आसपास होतं. २०१६ ते २० या काळासाठी सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीने दिलेला आकडा ७० वर्षांचा आहे.

यावर उत्तर ठरलेलं असतं. ‘पण आमचे पणजोबा पंच्याण्णव वर्षांचे होऊन गेले!’ गेले असतील. सरासरी ३२ म्हणजे बत्तिशीत सगळे मरत होते असा अर्थ कुणी काढला, तर तोही तितकाच चुकीचा. एका घरातली पाच भावंडं घेऊ. एक जन्मतःच गेलं, दुसरं दोन वर्षांचं होऊन गेलं, तिसरी पंचविसाव्या वर्षी बाळंतपणात गेली, चौथा पंचावन्नाव्या वर्षी आणि पाचवे, म्हणजे पणजोबा, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी. सरासरी भरते ३४. पणजोबांचा फोटो दिवाणखान्यात लागतो. पहिल्या तिघांचा फोटो कधी काढलेलाच नसतो. आठवणी सांगायला उरले तेच जगले होते, त्यामुळे सगळेच जगत होते असं वाटत राहतं.

या वादात महर्षी कर्व्यांचं नाव हमखास येतं. १८५८ साली जन्म, १९६२ साली निधन, वय १०४. उदाहरण खरं आहे, पण अर्धंच सांगितलं जातं. त्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ साली वारल्या, तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. घर एक, अन्न एक, विहीर एक.

ज्यांच्या जन्ममृत्यूच्या तारखा पक्क्या माहीत आहेत, अशा त्या काळच्या इतरांकडेही बघावं. विष्णुशास्त्री चिपळूणकर ३१व्या वर्षी गेले. आगरकर ३८व्या. केशवसुतांना प्लेगने चाळिशीच्या आत गाठलं. सावित्रीबाई फुले १८९७च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करता करता गेल्या. टिळकांचा थोरला मुलगा विश्वनाथ १९०३ साली प्लेगनेच गेला. आणखी मागे जायचं तर थोरले माधवराव. पेशवाच तो, वैद्यांची वाण नव्हती आणि शुद्ध तुपाचीही नव्हती. तरी १७७२ साली थेऊरला क्षयाने गेले, तेव्हा वय होतं २७.

शंभरीच्या दाव्यांतली बरीच वयं तर अंदाजपंचेच असतात. ‘प्लेगच्या साली जन्मलो’, ‘मोठ्या दुष्काळात मी रांगत होतो’ यावरून मागाहून मोजलेली. जुन्या जनगणनांत शून्य किंवा पाचाने संपणाऱ्या वयांची माणसं संशय यावा इतकी जास्त सापडतात, कारण मोजणीदाराला वय ‘असेल पन्नास’ असंच सांगितलं जायचं. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभर लागू होणारा कायदा आला १९६९ साली.

बायका आणि मुलं यांचा हिशेब या फिरत्या मजकुरात कधीच नसतो. १९४६च्या भोर समितीच्या अहवालाने तो मांडला आहे. देशातल्या एकूण मृत्यूंपैकी जवळपास निम्मे दहा वर्षांखालच्या मुलांचे होते आणि दर हजार बाळंतपणांमागे सुमारे २० बायका दगावत होत्या, म्हणजे लाखामागे दोन हजार. २०१८ ते २० या काळात हाच आकडा देशात लाखामागे ९७ आणि महाराष्ट्रात ३३ होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जन्मणाऱ्या हजार बाळांतली दोनशेहून अधिक पहिल्या वाढदिवसाआधी जात. २०२० साली महाराष्ट्रात ती संख्या १६ होती. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचं बाळ दहाच दिवस जगलं. पुढे अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेल्या आनंदीबाईंनाही बाविसावा वाढदिवस बघता आला नाही. क्षय.

धोंडू, दगडू, कचरू, भिकू ही नावं घराघरांत का असत, तेही आठवावं. आधीची मुलं जगली नाहीत, म्हणून दृष्ट लागू नये, यमाचं लक्ष जाऊ नये, यासाठी पुढच्या मुलाला टाकाऊ नाव ठेवायचं. ज्या समाजात मुलं सहज जगतात, तिथे असले उपाय कुणाला सुचत नाहीत. गावोगावच्या वेशीवर मरीआईची देवळंही हौसेने बांधलेली नाहीत; पटकीची साथ गावात शिरू नये म्हणून तिला घातलेलं ते साकडं होतं.

आता ते विहिरीचं पाणी. ज्यांना त्याचं फार कौतुक आहे, त्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नारूबद्दल विचारावं. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरायचं. नारू झालेला पाय पाण्यात बुडला की जंताची पिल्लं पाण्यात सुटायची, डोळ्यांना जेमतेम दिसणारे जलकीटक ती गिळायचे आणि पाण्याबरोबर हे कीटक माणसाच्या पोटात. सुमारे वर्षभराने हातभर लांबीचा जंत पायाची कातडी फोडून बाहेर यायचा. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, मध्येच तुटला तर पाय सडण्याची भीती. राजस्थानात १९९६ साली शेवटचा रुग्ण सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. औषधाने नव्हे, लसीनेही नव्हे. पायऱ्या बंद केल्या, हातपंप बसवले, पाणी कापडातून गाळून प्यायला शिकवलं, एवढ्यावर हे जमलं. देवीचा रोगही असाच गेला, तो मात्र लशीने. देशातला शेवटचा रुग्ण १९७५चा.

मजकुरात खरं काहीच नाही असंही नाही. अंगमेहनत कमी झाली, पोटं सुटली, मधुमेह वाढला हे खरंच आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. रात्री अकराला वडापाव खाऊन दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याने पणजोबांच्या चालण्याचा हेवा जरूर करावा. पण ‘पूर्वी शुगर नव्हती’ हे साफ खोटं. चरक-सुश्रुतांनी मधुमेहाचं वर्णन करून ठेवलं आहे आणि गोपाळ कृष्ण गोखले याच आजाराने ग्रासलेले असताना १९१५ साली, ४८व्या वर्षी गेले. इन्सुलिन तेव्हा सापडलं नव्हतं. बाकी असंख्य लोकांच्या रक्तातली साखर कुणी तपासलीच नाही आणि तपासण्याच्या वयापर्यंत त्यातले बरेचजण पोचलेही नाहीत. कर्करोग ‘आताच आला’ असं वाटतं, त्याचंही मोठं कारण हेच.

बाकीचे समज थोडक्यात. पूर्वी घरोघरी वीस-पंचवीस माणसांचं एकत्र कुटुंब होतं, असं म्हणतात. जुन्या जनगणनांत घरामागे सरासरी पाचच्या आसपास माणसं भरतात, आणि आजी-आजोबा जगलेच नाहीत तर तीन पिढ्या एका छपराखाली येणार कशा? चुलीवरच्या स्वयंपाकाची चव वेगळी, हे मान्य. तो धूर रोज बायकांच्या फुप्फुसात जात होता, हेही तितकंच खरं. चहाचं व्यसन आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचं नाही. तो सामान्य घरांत रुळला विसाव्या शतकात, तोही चहा कंपन्यांनी चिकाटीने जाहिराती केल्यावर.

आणि उपासाची ‘पारंपरिक’ साबुदाणा खिचडी! साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, शेंगदाणा, हिरवी मिरची, वर घातलेला बटाटा, सगळी मंडळी अमेरिका खंडातली. कोलंबसानंतर युरोपीय जहाजांबरोबर, बहुतांशी पोर्तुगीजांकडून, ती इकडे आली, आणि सेलमचे साबुदाण्याचे कारखाने तर १९४०च्या दशकातले. नामदेव-चोखोबांच्या काळी पंढरपुरात एकादशी होती, वारी होती. खिचडीचं ताट मात्र कुणी पाहिलंही नव्हतं.