धुराडे तुंबले, गाडी दमली

गणपतीपुळ्याचे दर्शन आटोपले, मुलांचे समुद्रात खेळणे झाले आणि गाडी परतीच्या वाटेला लागली. साखरपा मागे पडतो आणि आंबा घाटाची चढण सुरू होते. एरवी तिसऱ्या गिअरवर जाणाऱ्या वळणावर आज दुसरा टाकावा लागतो. ॲक्सिलरेटर पुरता दाबलेला, आवाज दांडगा, पण गाडी काही केल्या ओढत नाही. मागचा मालट्रक हॉर्न देऊ लागतो. कसाबसा घाटमाथा येतो, आंबा गाव जाते आणि मलकापुरात रस्त्याकडेच्या गॅरेजपाशी गाडी एकदाची उभी राहते. मालकाचे निदान तयारच असते. "पेट्रोलात भेसळ असणार." नाहीतर, "प्लग गेले असतील." जाणता मेस्त्री मात्र बॉनेट उघडण्याआधी मागे जातो, वाकतो आणि सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरून उभा राहतो.

आपल्याला त्याचे नवल वाटते. बिघाड इंजिनात आणि हा माणूस शेपटीकडे काय बघतोय? सायलेन्सर म्हणजे आवाज दाबणारा डबा, एवढेच आपण धरून चालतो. नावानेच घात केला आहे! ज्यांनी कोल्हापूर भागातले गुऱ्हाळ पाहिले आहे, त्यांना मात्र हे कोडे लगेच उलगडेल. चुलवाणात कितीही वाळलेले चिपाड घाला, चिमणी तुंबलेली असेल तर जाळ धरत नाही, धूर उलटा तोंडावर येतो आणि काहिलीतला रस तसाच राहतो. जाळाचा जोर चिपाडावर असतो तितकाच चिमणीच्या ओढीवर असतो. मोटारीचे इंजिन हे तसेच एक चुलवाण आहे, फक्त ते मिनिटाला हजारो वेळा पेटते.

चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन आधी हवा आणि इंधन आत ओढतो, मग दाबतो, मग स्फोट होतो आणि शेवटी जळालेला वायू बाहेर ढकलला जातो. हा शेवटचा टप्पा अडखळला तर काय होईल? जुना वायू थोडा आतच राहील. सिलिंडरची जागा तर ठरलेली. जितका शिळा वायू उरला तितकी ताजी हवा कमी, आणि तितकीच ताकद कमी. शिवाय बाहेरच्या अडथळ्याविरुद्ध वायू रेटायला पिस्टनला स्वतःची शक्ती खर्चावी लागते. सपाट रस्त्यावर हे जाणवत नाही, कारण तेथे इंजिनाला थोडाच वायू बाहेर टाकायचा असतो. घाटात पूर्ण दमाने चालताना वायूचा लोंढा वाढतो आणि अडलेली वाट उघडी पडते. म्हणून हा आजार कोल्हापूरच्या रस्त्यांवर लपतो आणि आंबा घाटात बाहेर येतो.

ज्यांची उमेद चेतक, येझदी किंवा राजदूतवर गेली, त्यांना हे नव्याने सांगायला नको. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर ऑईलही जळे आणि त्याची काजळी सायलेन्सरात थरावर थर धरी. मग गाडी चढाला दम टाकी. मेस्त्री सायलेन्सर उतरवून चक्क जाळात घालत, ठोकून काजळी पाडत, आणि संध्याकाळी तीच गाडी नवी असल्यासारखी पळे. त्या काळी हा उपाय सगळ्यांना ठाऊक होता. आता डबा बंद आणि गुंतागुंतीचा झाला, तसे आपले ज्ञानही बंद झाले.

तुंबणे ही झाली एक तऱ्हा. दुसरी तऱ्हा गळतीची, आणि ती अधिक फसवी आहे. विशाळगडाच्या बाजूला जाताना दगड लागला, गतिरोधकावर पोट घासले, की जोडावरचे पॅकिंग फुटते किंवा पाइपाला चीर जाते. लोक म्हणतात, थोडा फटफट आवाज येतोय, चालतेय तोवर चालू दे. भोकातून धूर बाहेर जातो हे खरे. पण इंजिनाचा उच्छ्वास एकसंध नसतो, तो ठोक्याठोक्याने येतो. दोन ठोक्यांच्या मध्ये पाइपातला दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो आणि त्याच चिरेतून बाहेरची हवा आत शिरते.

आजच्या पेट्रोल गाडीत या पाइपावर ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. धुरात किती ऑक्सिजन उरला हे तो गाडीच्या संगणकाला कळवतो आणि त्यावर पेट्रोलचे माप ठरते. सेन्सरच्या अलीकडे चीर असेल तर त्याला ही बाहेरची हवा दिसते. तो बिचारा कळवतो, "इंधन कमी पडतेय." संगणक विश्वासाने पेट्रोल वाढवतो. परिणाम? ॲव्हरेज घसरते, प्लग काळे पडतात, आणि न जळलेले पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तेथे जळते. कन्व्हर्टरच्या आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक नळ्यांची जाळी असते. अति उष्णतेने ती वितळते, नळ्या बुजतात. म्हणजे सुरुवात भोकाने झाली आणि शेवट तुंबण्याने! काही शे रुपयांच्या पॅकिंगचा आळस हजारोंच्या खर्चावर जातो तो असा.

हा कन्व्हर्टर आपल्याकडे आला १९९५च्या एप्रिलमध्ये. चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला आणि त्याच्यासाठी शिसेविरहित पेट्रोलही आले, कारण शिशाने त्याची आतली जाळी निकामी होते. देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले ते २००० सालच्या फेब्रुवारीपासून. जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा पातळ लेप असतो. २०२०नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात आणि गुजरातेत ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जाण्याची साथच आली होती, ती या धातूंपायी. घरापुढची गाडी सकाळी सुरू करावी तर ट्रॅक्टरसारखी गरजावी!

डिझेलवाल्यांची कथा निराळी. २०२०च्या एप्रिलपासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले आणि नव्या डिझेल मोटारींच्या पाइपात काजळी अडवणारी गाळणी आली. ती साठलेली काजळी स्वतःच जाळून टाकते, पण त्यासाठी गाडी बराच वेळ चांगल्या वेगात चालावी लागते. घर ते बाजारपेठ, बाजारपेठ ते शेत, एवढीच फेरी असेल तर गाळणी भरत जाते. डॅशबोर्डवर दिवा लागतो, आपण दुर्लक्ष करतो, आणि एके दिवशी गाडी ताकदच कमी करून घेते. जुन्या वडापच्या जीपला हा त्रास नव्हता. ती सगळी काजळी मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर सोडून मोकळी होई.

छोट्या फेऱ्यांनी साधा सायलेन्सरही सडतो. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. गाडी लांब गेली तर पाइप तापतो आणि वाफ उडून जाते. पाच मिनिटांत बंद केली तर ती आतच थंड होऊन साठते. शाहूवाडीचा पाऊस बाहेरून भिजवतो, हे पाणी आतून. म्हणून वरून ठीक दिसणारा डबा बोटाने दाबला की फुटतो. पुष्कळ सायलेन्सरांना तळाशी हे पाणी निथळायला मुद्दाम एक बारीक छिद्र ठेवलेले असते. ते गळतीचे भोक समजून वेल्डिंगवाल्याकडून बुजवून घेणारे महाभाग कमी नाहीत.

आवाजासाठी सायलेन्सर कापून घेणाऱ्या तरुणांबद्दलही दोन शब्द. मोकळ्या पाइपाने ताकद वाढते अशी त्यांची श्रद्धा असते. पाइपाची लांबी-रुंदी इंजिनाच्या ठोक्यांशी जुळवलेली असते. ती मोडली की पुष्कळदा खालच्या वेगातला पिकअपच जातो. वाढतो तो फक्त आवाज.

पण घरच्या मंडळींनी खरी धास्ती घ्यावी ती ताकदीची नव्हे, विषाची. धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. इंजिनाजवळचा पाइप फुटला असेल, पावसामुळे काचा बंद असतील, तर तो फटींतून आत येतो. सामान मावेना म्हणून डिकी अर्धवट उघडी ठेवून दोरीने बांधली, तर मागचा धूर उलटा गाडीत ओढला जातो. त्याची लक्षणे कोणती? डोके दुखणे, मळमळणे, गुंगी येणे. घाटात आपण काय म्हणतो? "पोरांना गाडी लागली." आवळासुपारी, लिंबू देतो आणि पुढे निघतो. एकाच मुलाला त्रास होत असेल तर ती वळणांची करामत असेल. गाडीतल्या सगळ्यांचेच डोके धरले, आणि खाली उतरून मोकळ्या हवेत उभे राहताच बरे वाटले, तर त्या गाडीत पुन्हा बसण्याआधी पाइप तपासून घ्यावा.

तपासणे अवघड नाही. सकाळी थंड गाडी सुरू करून बॉनेट उघडावे. पाइप तापला की चीर प्रसरणाने मिटते, म्हणून थंडपणीच ती टिक्-टिक् आवाजाने बोलते. जोडाशी काळा डाग दिसला तर गळती तेथेच. मागच्या तोंडावर ओल्या फडक्याची घडी क्षणभरच धरावी. धड पाइप फडके लगेच ढकलतो, फुटका मध्येच कुठेतरी फुसफुसतो. पीयूसीच्या कागदावर विसंबू नये. गळक्या पाइपात बाहेरची हवा मिसळून आकडा उगाच कमीही दिसू शकतो. आणि हे सारे मोकळ्या जागेत करावे, शटर ओढलेल्या गॅरेजात कधीच नको. मलकापुरातला तो मेस्त्रीही गाडी आधी रस्त्याकडेला घ्यायला लावतो, मगच किल्ली फिरवतो.