कोलकात्याच्या बस्त्या : नळ, संडास आणि नदी

झोपडपट्टीतील पाणीपुरवठा, तेथील संडास आणि नदीचे प्रदूषण हे तीन विषय अभ्यासक्रमात बहुधा तीन वेगळ्या प्रकरणांत येतात. महापालिकेतही त्यांची खाती वेगळी असतात. पण घरात आलेले पाणी काही तासांतच मैलापाणी होऊन बाहेर पडते आणि कुठेतरी जाऊन थांबते. या पाठात आपण कोलकाता शहर समोर ठेवून हा पूर्ण प्रवास पाहू. कोलकाता निवडण्याची दोन कारणे आहेत. वस्त्या न पाडता जागेवरच सुधारण्याचा मोठा प्रयोग भारतात प्रथम झालेल्या शहरांपैकी हे एक आहे. दुसरे कारण भूगोलाचे : हुगळीच्या काठी वसलेल्या या शहराचे बरेचसे सांडपाणी हुगळीत जात नाही. ते उलट दिशेला, पूर्वेकडे वाहते.

बस्ती म्हणजे नेमके काय?

मुंबई किंवा पुण्याची झोपडपट्टी डोळ्यांसमोर ठेवून कोलकात्याची बस्ती समजून घेऊ लागलात तर फसगत होईल. १९८० च्या कोलकाता महानगरपालिका कायद्यात बस्तीची व्याख्या दिलेली आहे : किमान ७०० चौरस मीटर जागा आणि तिच्यावर राहण्यासाठी बांधलेल्या झोपड्यांचा समूह. म्हणजे बस्ती बेकायदा असलीच पाहिजे असे नाही. जुन्या बस्त्यांमध्ये तीन थर असत. जमीनमालक जागा भाड्याने देई. ती घेणारा तिच्यावर कुडाची, कौलारू घरे बांधी. त्याला ‘ठिका’ भाडेकरू म्हणत. त्या घरांतल्या एकेका खोलीत पोटभाडेकरू राहात. १९८१ च्या कायद्याने राज्य सरकारने अशा जमिनी ताब्यात घेतल्या आणि ठिका भाडेकरू थेट सरकारचे भाडेकरू झाले. सर्वांत खालचा, खोलीत राहणारा माणूस मात्र भाडेकरूच राहिला.

आता प्रश्न असा : या रचनेत संडास कोणी बांधायचा? ठिका भाडेकरूला त्यातून भाडे फारसे वाढवून मिळत नाही. खोलीतल्या कुटुंबाने स्वतःच्या पैशाने बांधावा, तर उद्या खोली सोडावी लागली की पैसे गेले. जमीन तर दोघांचीही नाही. बस्तीतले लोक अस्वच्छतेला सरावलेले असतात असे सहज बोलले जाते. ते बोलण्याआधी हा हिशेब मांडून पाहावा.

बस्तीच्या खाली आणखी एक पायरी आहे. कालव्यांचे काठ, रेल्वेमार्गाच्या बाजूच्या पट्ट्या, पुलांखालच्या जागा. येथे राहणाऱ्यांना बस्तीच्या कायद्याचेही छत्र नाही. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे ४५ लाख होती आणि त्यांपैकी जवळजवळ १४ लाख लोक झोपडपट्ट्यांत राहात होते. या एकाच आकड्याच्या पोटात दोन अगदी वेगळ्या कायदेशीर स्थिती आहेत, हे विसरू नका. पुढे आपल्याला त्याची गरज पडेल.

पटकीपासून सुरुवात

कोलकात्यात पाण्याचा प्रश्न पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, निमित्ताने पुढे आला. १८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी याच शहरात पटकीचा जंतू रुग्णांमध्ये आणि एका तळ्याच्या पाण्यातही दाखवून दिला. त्या तळ्याभोवतीचे लोक त्याच पाण्यात अंघोळ करीत, कपडे धूत आणि तेच पाणी पीत. १९५९ साली शंभुनाथ डे यांनी येथेच काम करून त्या जंतूचे विष शोधले. त्याच सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्लागारांचे पथक येऊन गेले आणि संपूर्ण महानगर प्रदेशासाठी पाणी व मलनिस्सारण यांची एकत्र योजना हवी, असे त्याने सांगितले. त्यातून १९६१ मध्ये महानगर नियोजन संस्था स्थापन झाली.

तोवर सरकारी विचार वस्त्या हटवण्याचा होता. १९५८ मध्ये तसा कायदाही झाला होता. पण लाखो माणसांना पर्यायी घरे देण्याइतका पैसा कुठून आणायचा? मग नियोजनकारांनी वेगळा मार्ग धरला. घरे आहेत तशीच राहू द्यायची. नळ, संडास, गटार, फरसबंदी आणि दिवे तेवढे द्यायचे. १९७० साली महानगर विकास प्राधिकरण आले आणि बस्ती सुधार कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर सुरू झाला. टोपलीचे संडास, म्हणजे ज्यांतला मैला माणसाला हाताने उचलून न्यावा लागे ते, काढून त्यांच्या जागी पाण्याचे संडास बसवणे हा या कार्यक्रमाचा गाभा होता. माझ्या मते त्याचे सर्वांत मोठे श्रेय हेच आहे. हाताने मैला उचलण्याविरुद्धचा केंद्रीय कायदा १९९३ साली आला, म्हणजे वीसेक वर्षांनी.

साधारण प्रमाण ठरले ते असे : १०० माणसांमागे एक नळ आणि २५ माणसांमागे एक संडास. कागदावर हे बरे दिसते. तुम्ही स्वतः आकडेमोड करून पाहा. समजा, नळाला दिवसाला चार तास पाणी येते. म्हणजे २४० मिनिटे. माणशी वाट्याला आली २ मिनिटे २४ सेकंद. नळाची धार बारीक असेल तर एवढ्या वेळात जेमतेम एक-दोन बादल्या भरतात. संडासाचेही तसेच. प्रत्येकाला पाच मिनिटे धरली तर २५ माणसांना दोन तासांहून अधिक लागतात, आणि सगळ्यांना लागतात ते सकाळचेच दोन तास. रांगेत उभ्या असलेल्या शाळकरी मुलीला किंवा पहाटे धुण्याभांड्यांच्या कामाला जाणाऱ्या बाईला सरासरीचा काहीच उपयोग नसतो. म्हणून प्रमाण वाचताना नेहमी विचारा : हे कोणत्या वेळचे?

दोन नळांचे शहर

कोलकात्याचे पिण्याचे पाणी शहराच्या उत्तरेला पलता येथे हुगळीतून उचलले जाते. हे जलशुद्धीकरण केंद्र १८७० च्या सुमारास सुरू झाले. तेथून पाणी टालाच्या टाकीत येते. १९११ मध्ये पूर्ण झालेली ही लोखंडी टाकी ११० फूट उंचावर आहे आणि तीत ९० लाख गॅलन, म्हणजे सुमारे चार कोटी लिटर पाणी मावते. पण या शहरात पूर्वीपासून दुसरेही एक जाळे आहे : न गाळलेल्या पाण्याचे. रस्ते धुणे, गटारे वाहती ठेवणे, आग विझवणे यांसाठी नदीचे कच्चे पाणी वेगळ्या नळांतून फिरवले जाते. कल्पना चांगली होती. पण जेथे शुद्ध पाणी कमी पडते तेथे माणसे या पाण्याने अंघोळ करतात, भांडी घासतात. धुतलेल्या ताटावर राहिलेले थेंब पोटात जातात. वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांसाठी हे फक्त रस्ता धुण्याचे पाणी असते.

दुसरा धोका नळ बंद असताना असतो. चोवीस तास दाब असलेल्या नळातून गळती होते ती आतून बाहेर. पाणी ठरावीक वेळच सोडले तर उरलेल्या वेळी नळ रिकामा होतो, दाब कमी होतो आणि फुटक्या सांध्यांमधून आजूबाजूचा ओलावा आत शिरतो. अरुंद गल्लीत पाण्याचा नळ आणि गटार शेजारी शेजारी, कधी एकमेकांना ओलांडून जातात. तेव्हा पलत्याला शुद्ध केलेले पाणी शेवटच्या शंभर फुटांत बिघडू शकते. शुद्धीकरण केंद्रातला अहवाल खराच असतो. तो फक्त दुसऱ्या ठिकाणचा असतो.

उतार पूर्वेला

हुगळीच्या काठची जमीन गाळ साचून उंच झालेली आहे आणि शहर पूर्वेकडे उतरत जाते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात विल्यम क्लार्क यांनी हा उतार धरूनच भुयारी गटारांची योजना आखली. पावसाचे पाणी आणि मैलापाणी एकाच गटारातून पूर्वेच्या बिद्याधरी नदीत सोडले. नदी गाळाने भरत गेली आणि १९२८ मध्ये ती मृत असल्याचे मानले गेले. पुढे १९४३ मध्ये कालवे काढून पाणी कुलटी नदीपर्यंत नेण्याची सोय झाली.

या दोहोंच्या मधल्या दलदलीत स्थानिक मच्छीमारांनी आणि शेतकऱ्यांनी जे केले ते अभियांत्रिकीच्या वर्गात शिकवावे असे आहे. त्यांनी सांडपाणी उथळ तळ्यांमध्ये घ्यायला सुरुवात केली. या तळ्यांना ‘भेरी’ म्हणतात. पाणी आत घेतल्यावर काही दिवस स्थिर ठेवतात. उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोहोचते, शेवाळ वाढते, त्यातून प्राणवायू मिळतो आणि जिवाणू सेंद्रिय घाण कुजवून संपवतात. उन्हाने रोगजंतूही कमी होतात. शेवाळावर आणि सूक्ष्म प्राण्यांवर रोहू, कटला, मृगळ हे मासे वाढतात. काठाला जलपर्णी बांधून ठेवतात. ती लाटांपासून बांध वाचवते आणि काही जड धातू शोषते. तळ्यातून निघालेले पाणी भातशेतीला जाते. ध्रुबज्योती घोष या सरकारी अभियंत्याने १९८० च्या दशकात या व्यवस्थेचा अभ्यास करून तिचे मोल जगाला दाखवले. २००२ मध्ये या १२,५०० हेक्टर क्षेत्राला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली आणि २००६ मध्ये त्यासाठी राज्याने कायदा केला.

पण एक अट लक्षात घ्या. ही व्यवस्था घरगुती मैलापाणी पचवते. क्रोमियम पचवत नाही. टांगरा, टोपसिया, तिलजला भागांतील चामडे कमावण्याच्या कारखान्यांचे पाणी याच कालव्यांत येई. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कारखाने बाहेर हलवण्याचा आदेश दिला. बानतलाचे चर्मोद्योग संकुल त्यातूनच आले. शिवाय भेरी बुजवून इमारती उभ्या करण्याचा दबाव सतत असतो. एक भेरी बुजली की फक्त मासे जात नाहीत, शहराच्या मलशुद्धीकरणाचा एक तुकडा जातो.

आदिगंगा : काठावरचे लोक

आता दुसऱ्या प्रवाहाकडे वळू. हुगळीपासून कालीघाटच्या मंदिराजवळून गरियाकडे जाणारा आदिगंगेचा जुना प्रवाह १७७० च्या दशकात विल्यम टॉली यांनी खोदून वाहतुकीला खुला केला. म्हणून ‘टॉलीचा नाला’. तो भरती-ओहोटीचा आहे. ओहोटीला बाहेर गेलेली घाण भरतीबरोबर काही अंशी परत येते, त्यामुळे नुसते पाणी सोडून तो धुऊन निघत नाही. त्यात वरून मेट्रो. टॉलीगंजपुढचा मार्ग याच प्रवाहावरून नेला गेला आणि सुमारे ३०० खांब थेट पात्रात उभे राहिले. त्यासाठी २००१ मध्ये काठावरच्या झोपड्या हटवल्या गेल्या.

काठावरून हटवताना कारण बहुधा प्रदूषणाचे दिले जाते. येथे जरा थांबा. काठावरच्या झोपडीचा संडास नाल्यावर उघडा दिसतो, म्हणून तो डोळ्यांत भरतो. पक्क्या घरांच्या वॉर्डांतून येणारी गटारे जमिनीखालून त्याच नाल्यात उघडतात. ती दिसत नाहीत. झोपड्या गेल्या तरी ही गटारे राहिली आणि पाणी काळेच राहिले. २००० नंतर आशियाई विकास बँकेच्या कर्जातून कालवे उपसण्याचे काम झाले, तेव्हा काही काठवासी कुटुंबांना नोनाडांगासारख्या ठिकाणी छोट्या सदनिका मिळाल्या. घरात संडास आला, ही मोठी गोष्ट. पण ज्या बाईची चार घरची कामे जुन्या काठाजवळ होती तिच्या पगारातून आता बसभाडे जाते.

जमिनीचा हक्क आणि पाण्याचा हक्क एकमेकांना बांधलेच पाहिजेत का? मुंबईत पाणी हक्क समितीच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितले की घर बेकायदा असले तरी पाणी नाकारता येणार नाही. पाणी दिल्याने बांधकाम मात्र अधिकृत ठरत नाही. कालव्याकाठच्या वस्तीसाठी हा तर्क फार उपयोगाचा आहे. मात्र न्यायालय पाण्याबद्दल बोलले. त्या पाण्याचे पुढे काय होणार, मैला कोणत्या नळातून कुठे जाणार, हा प्रश्न तेथे उरतोच. टाकीचा संडास बांधला तर टाकी उपसणारी गाडी गल्लीत शिरते का? शिरत नसेल तर भरलेली टाकी पावसाळ्यात गटारात सोडली जाते आणि आपण पुन्हा नाल्यापाशी येतो.

स्वाध्याय

आपल्या शहरातील एखादी वस्ती निवडा आणि तेथे सकाळी सहा ते आठ या वेळात जा. नळ किती, त्यांना पाणी किती वेळ येते, एक बादली भरायला किती सेकंद लागतात, हे मोजा. संडासाची टाकी शेवटची कधी उपसली आणि तो मैला कुठे नेला, हे तेथील महिलांना विचारा. मग त्या वस्तीचे गटार धरून चालत जा आणि ते जेथे संपते ती जागा नकाशावर खुणेने दाखवा. वाटेत त्याला मिळणारी पक्क्या इमारतींची गटारेही त्याच नकाशावर काढा.