‘तुला हे कुणी सांगितलं?’

सांगली जिल्ह्यातल्या एका आईचं पत्र आलंय आणि त्याचं उत्तर लांबवणं बरं नाही. त्यांच्या नववीतल्या मुलीनं विचारलं, ‘‘आई, पहिल्याच वेळी दिवस जात नाहीत ना? मैत्रिणी म्हणत होत्या.’’ आईच्या तोंडून निघून गेलं, ‘‘तुला हे कुणी सांगितलं?’’ मुलगी गप्प झाली, ती झालीच. आता विषय पुन्हा कसा काढू, असं त्या विचारतात.

ताई, आधी मुलीच्या प्रश्नाचं उत्तर घ्या. पहिल्याच संबंधातूनही दिवस राहू शकतात. पहिली पाळी येण्याआधीही राहू शकतात, कारण स्त्रीबीज पाळीच्या आधी बाहेर पडतं. शुक्रजंतू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात आणि या वयात पाळी बऱ्याचदा मागेपुढे होते. त्यामुळे ‘सुरक्षित दिवस’ मोजून भागत नाही. हे आजही सांगता येईल. ‘‘त्या दिवशी मी दचकले. तू विचारलंस त्याचं उत्तर असं आहे,’’ एवढी सुरुवात पुरते.

शाळांमधल्या प्रश्नपेट्या मी बरीच वर्षं उघडतोय. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हातानं लिहिलेल्या, चार घड्या घातलेल्या चिठ्ठ्या असतात. ‘पाळी दहा दिवस पुढे गेली, घरी कसं सांगू?’ ‘नको म्हटलं की तो बोलणं बंद करतो.’ या मुलींना शरीराच्या आकृतीइतकीच विश्वासाच्या माणसाची गरज असते. मुलग्यांनाही ती असते; ‘नको’ म्हणजे नकोच, हे त्यांनाही घरातूनच कळायला हवं.

महाराष्ट्रात अशा प्रश्नांना छापील उत्तरं देण्याची वाट र. धों. कर्वे यांनी पाडली. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केलं. वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. 1934 मध्ये त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरले, तरी 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत कर्व्यांनी मासिक चालवलं.

माहिती दिली तर मुलं बिघडतील, ही भीती तेव्हाही होती. युनेस्कोच्या 2018 च्या मार्गदर्शिकेत जगभरातल्या अभ्यासांचा आढावा आहे: लैंगिकता शिक्षणामुळे मुलांमधले शरीरसंबंध वाढत नाहीत. गप्प बसण्याची किंमत मात्र मोठी आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 19 वयाच्या 7.6 टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर आढळल्या. यात लवकर लग्न लावून दिलेल्या मुलीही आहेत. संततिनियमनाची माहिती त्यांना सासरी तरी कोण देणार?

आईवडिलांना बोलणं जमत नसेल, तर सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असतात, तिथे समुपदेशक भेटतात. पण पहिला प्रश्न बहुधा घरातच येतो. तो आला की उत्तर आधी द्या, चौकशी नंतर करा.