मागचीच आज्ञा पुन्हा

आमची शाळा सातवीत सुटली. संगणक शिकलो तो युनियनच्या कचेरीत, चाळिशी उलटल्यावर. तेव्हा श्रोत्यांनी आमच्याकडून पांडित्याची अपेक्षा ठेवू नये. पण एका लहानशा कळीने आमचे एक मोठे काम निभावले, ती हकीकत सांगण्याजोगी आहे.

कामगारांची एक यादी औद्योगिक न्यायालयात द्यावयाची होती. ज्यांची सलग सेवा कागदोपत्री सिद्ध झाली, त्यांच्या नावापुढील 'बदली' हा शब्द काढून 'कायम' असे लिहावयाचे होते. आमचा एक तरुण सहकारी म्हणाला, "अण्णा, सगळ्या 'बदली' एकदम बदलून टाकू या." आम्ही त्याचा हात धरला. 'बदली' म्हणजे बदली कामगार, तशीच एका खात्यातून दुसऱ्या खात्यात झालेली बदलीही. शिवाय काहींची सेवा अद्याप सिद्ध व्हावयाची होती. यादीत एक ओळ खोटी निघाली, की खऱ्या ओळींवरचाही विश्वास उडतो.

मग तोच शब्द प्रत्येक ठिकाणी नव्याने टंकावा काय? नाही. लेखन-संपादनाच्या अनेक प्रणालींत मागची आज्ञा पुन्हा करण्याची सोय असते. बिल जॉय यांनी १९७६ साली कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठात 'व्हीआय' रचली. ब्रॅम मूलेनार यांची 'व्हिम' ही तिची वारस १९९१ साली आली. या दोहोंत ती सोय एका टिंबात, म्हणजे पूर्णविरामाच्या कळीत आहे.

'बदली' हा शब्द शोधून पहिल्या ठिकाणी जावे. 'सी' व 'डब्ल्यू' दाबून 'कायम' लिहावे, आणि एस्केप दाबावे. पुढे 'एन' दाबले की पुढची 'बदली' समोर येते. माणूस पात्र असेल तर टिंब दाबावे. नसेल तर पुन्हा 'एन'. मराठी अक्षरांसाठी कळपट्टी एकदाच पालटावी लागते. पुढे 'कायम' हा शब्द टिंबच लिहिते.

मात्र 'मागची आज्ञा' म्हणजे काय, हे प्रत्येक प्रणाली आपल्या परीने ठरविते. व्हिमचे टिंब मजकुरातील शेवटचा बदल तेवढा ध्यानात ठेवते. मधली ये-जा मोजीत नाही. 'ईमॅक्स'मध्ये कंट्रोल-एक्स व मग झेड दाबले, तर शेवटची आज्ञा पुन्हा घडते. ती नुसती पुढे सरकण्याची असेल, तर आपण पुन्हा नुसते पुढे सरकतो. 'वर्ड'मध्ये एफ-४ ही कळ आहे. तेथे शब्द आधी ठळक व मग लाल केला, तर दुसऱ्या शब्दाला फक्त लाल रंग मिळतो.

म्हणून नवी प्रणाली हाती आली, की आधी दोन ओळींवर हे तपासून घ्यावे आणि मगच खरी यादी उघडावी. आम्ही तसेच केले. एकजण सेवापुस्तक वाचीत होता, दुसरा टिंब दाबीत होता. टंकण्याचे श्रम वाचले, ते प्रत्येक नाव नीट वाचण्यात खर्च झाले. आणि त्या नावांमागे माणसांची उपदाने होती.