रणनौकेमागील पदवीधर

शिवाजी पार्कवर खेळणाऱ्या पुष्कळ मुलांस आरमारात जावेसे वाटते. परंतु आरमाराची सेवा केवळ नौकेवरच घडते असे नव्हे. सन 1971 च्या 4 डिसेंबरच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र-नौकांनी कराचीवर मारा केला. अशा वेळी अस्त्रानेच दगा दिला, तर शौर्यही व्यर्थ जाते. म्हणून अस्त्रे तपासणे, जतन करणे व नौकांस पुरविणे हे काम भारतीय नौदल आयुध सेवेतील मुलकी अधिकारी करितात. आपल्या मुंबईत ट्रॉम्बे येथे असे आयुधागार आहे. त्यासाठी अभियांत्रिकीची पदवी घेऊन केंद्रीय लोकसेवा आयोगाची पूर्व, मुख्य व मुलाखत अशी त्रिविध परीक्षा द्यावी लागते. विद्यार्थ्यांनो, गणित व पदार्थविज्ञान आजच पक्के करा, आणि सचोटीही. तपासनिसाच्या एका निष्काळजी सहीचे मोल खलाशास प्राणांनी द्यावे लागते.