खिडकीवरची दोन मिनिटं

दर्शनरांगेत एखाद्याच्या छातीत कळ आली की डॉक्टर आधी विचारतात, "गोळ्या कुठल्या चालू आहेत?" कागद घरी असतात, आणि घर असतं कडप्प्याला नाही तर यवतमाळला. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं नाव बायकोला आठवत नाही. "बारकी, पांढरी," एवढंच ती सांगते. परगावच्या माणसांनी रोज भरणाऱ्या शिर्डीत रुग्णांच्या नोंदी एकमेकींना जोडण्याचं काम कसं चाललंय, ते बघायला मी या भागातल्या एका रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीमागे जाऊन बसलो.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन 27 सप्टेंबर 2021 रोजी देशभर सुरू झालं. ज्याला हवा त्याला 14 अंकी 'आभा' क्रमांक मिळतो. यातली एक गोष्ट मला मनापासून पटते: सगळ्यांचे रिपोर्ट दिल्लीला एका जागी नेऊन ठेवलेले नाहीत. लोणीच्या रुग्णालयात काढलेला इको तिथल्याच संगणकात राहतो. दोन्ही रुग्णालयं या जाळ्यात असतील आणि शिर्डीच्या डॉक्टरांना तो बघायचा असेल, तर रुग्णाच्या मोबाईलवर विचारणा जाते. कोणते कागद, कोणत्या काळातले, कशासाठी, किती दिवस बघायला? रुग्ण हो म्हणाला तरच ते दिसतात, आणि दिलेली परवानगी मागेही घेता येते. नोव्हेंबर 2022मध्ये सायबर हल्ल्याने दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर बंद पडले आणि कारभार कितीतरी दिवस हाताने करावा लागला. सगळं एकाच जागी साठवायचं नाही, हा विचार त्यामुळेच मोलाचा वाटतो.

खिडकीवर आधार क्रमांक, ओटीपी, नावाची खातरजमा आणि टोकन असा क्रम चालतो. तरुण पोरं तर भिंतीवरचा क्यूआर स्कॅन करून टोकन घेऊन मोकळी होतात.

"एका पेशंटमागं दोन मिनिटं," खिडकीवरच्या ताई म्हणाल्या. "जास्त लागली की मागची रांग ओरडते."

मग वैजापूरकडच्या एक आजी आल्या. कापडदुकानाच्या पिशवीत दुमडलेला एक्स-रे, चिकटपट्टी लावलेले केसपेपर, आणि इकोच्या रिपोर्टात दाबून ठेवलेली उदीची पुडी. पिशवी उघडताच उदीचा आणि फिल्मचा मिसळलेला वास आला. तो वास अजून माझ्या नाकात आहे. ताईंनी कागद सपाट केला, कीबोर्डवर सांडलेली उदी बोटाने टिपून कपाळाला लावली आणि पुढे टाइप करू लागल्या.

"आजी, मोबाईलवर नंबर आला का?"

"मोबाईल लेकाकडं हाय. चाकणला."

लेक पाळीवर. कंपनीत फोन आत नेऊ देत नाहीत. दोन मिनिटं तिथेच संपली.

ताईंनी तोवर आजींची जुनी नोंद शोधायला घेतली. नोंद जोडताना मोबाईल, नाव, लिंग आणि जन्मसाल जुळवून बघतात. आजींच्या आधारवर जन्मतारीख 1 जानेवारी, त्या पिढीत अनेकांची असते तशी. जुन्या केसपेपरवर मात्र अंदाजाने सांगितलेलं वय, आणि मोबाईल शेजाऱ्याचा. ज्या रुग्णालयात त्या वर्षानुवर्षं येतात, तिथल्याच संगणकाला त्या ओळखू येईनात. "गाव टाका की, गाव," आजी म्हणाल्या. गाव आणि नवऱ्याचं नाव टाकल्यावर नोंद सापडली.

"हे योजनेचंच हाय ना?" आजींनी विचारलं. मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेचे आरोग्यमित्र शेजारच्याच टेबलावर बसतात, त्यामुळे त्यांना तसं वाटलं. रांग कुरकुरत होती. ताईंनी हात थांबवला.

"योजनेचं नाही, आजी. तुमचे कागद दुसऱ्या डॉक्टरांना दिसावेत म्हणून. नको असेल तर नाही काढायचं. उपचार थांबत नाहीत."

हे सांगायला दोन मिनिटांहून जास्त वेळ लागला. माझ्या मते त्या दिवशी मी पाहिलेलं सर्वांत महत्त्वाचं काम हेच. ओटीपी सांगितला म्हणजे संमती दिली, असं मानणं अन्यायाचं आहे. आपण कशाला हो म्हणतोय हे माणसाला कळायला हवं. त्यासाठी खिडकीवर आणखी एक माणूस हवा. त्याहून बरं म्हणजे हे काम गावात, घरी बसून, आशाताईंनी सवडीने करावं आणि त्याचा पुरेसा मोबदला त्यांना मिळावा. याच अहिल्यानगर जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली काम सुरू केलं आणि पुढे आरोग्याचा भार गावातल्याच बायकांवर सोपवला. त्यांना घराघरातलं माहीत होतं, आणि लोक त्यांच्याशी मोकळेपणाने बोलत.

जेवणाच्या सुट्टीत लेकाचा फोन आला. नवा ओटीपी घेतला, 14 अंक छापून निघाले, त्या दिवशीचा इको त्या क्रमांकाला जोडला गेला. जुने रिपोर्ट स्कॅन करून ॲपमध्ये चढवता येतात, पण ॲप उघडणार लेकाच्या मोबाईलवर. तो दिवाळीला येईल तेव्हा हे करून घ्या, तोवर पिशवी बरोबर आणावीच लागेल, असं ताईंनी आजींना स्पष्ट सांगितलं.